कपाटातला नट

सिनेमात ज्ञानकोशाला नेहमी एकच काम मिळतं : उभं राहण्याचं. नायिकेचे श्रीमंत वडील रेशमी झगा घालून, तोंडात पाइप धरून जिन्यावरून उतरतात, तेव्हा त्यांच्या पाठीमागे काचेच्या कपाटात सोनेरी अक्षरांचे जाडजूड खंड खांद्याला खांदा लावून उभे असतात. ‘हे लग्न होणार नाही’ हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं असेल, याला गणती नाही. कोरा चेक फाडला जाताना ते पाहतात, गोळी सुटते, फुलदाणी फुटते, आई भोवळ येऊन पडते. खंड मात्र हलत नाहीत. गर्दीतल्या किरकोळ नटालाही कधीतरी ‘साहेब, फोन’ एवढं म्हणायला मिळतं. सगळ्या विश्वाची माहिती पोटात असलेल्या या नटाला आजवर कुणी एक वाक्य दिलेलं नाही.

आपल्या पडद्यावर ज्ञानाची आराधना असते ती वेगळ्याच पद्धतीची. नायिका दोन पुस्तकं छातीशी धरून कॉलेजच्या व्हरांड्यातून येते, नायक वळणावर धडकतो, पुस्तकं पडतात. दोघं वाकतात, नजरा भिडतात आणि व्हायोलिनं सुरू होतात. ती पुस्तकं कसली होती, हे पाहायला कॅमेरा कधी खाली उतरला नाही. वनस्पतिशास्त्राची होती की सहकारी बँकिंगची? पुढच्या दृश्यात नायक धावत घरी येतो आणि शिवणयंत्रावर बसलेल्या आईला आपण पहिले आल्याचं सांगतो. कशात पहिला आलास बाबा, हे ती माउलीही विचारत नाही. ती देवापुढे साखर ठेवते. मला त्या साखरेचा राग नाही. पण अभ्यासाची रात्र, न उलगडणारं गणित, कंटाळ्याने टेबलावर कोरलेलं नाव, हे सगळं त्या एका धावण्यात कुठे सांडलं, याची चुटपुट मात्र लागते.

ज्ञानकोशाला खरीखुरी भूमिका देणारा एक सिनेमा मी पाहिला, तो अमेरिकेचा. हॉवर्ड हॉक्सचा 1941 सालचा ‘बॉल ऑफ फायर’. आठ प्राध्यापक एका जुन्या वाड्यात स्वतःला कोंडून घेऊन ज्ञानकोश लिहीत बसले आहेत. नऊ वर्षं झाली, गाडी इंग्रजी मुळाक्षरांपैकी ‘एस’पर्यंत आली आहे. पैसा देणाऱ्या गृहस्थाने टोस्टर शोधून काढला होता, आणि ब्रिटानिकाने आपली दखल घेतली नाही या रागापोटी त्याने नव्या कोशासाठी देणगी ठेवली होती. ज्ञानाच्या एवढ्या मोठ्या यज्ञाची पहिली समिधा कुणाच्या तरी रुसव्याची असावी, हे मला फार खरं वाटतं. एके दिवशी कचरा नेणारा माणूस रेडिओवरच्या प्रश्नमंजूषेची उत्तरं विचारायला दारात येतो, आणि त्याचं बोलणं ऐकून गॅरी कूपरने रंगवलेल्या प्राध्यापकाला कळतं की आपण रस्त्यावरच्या भाषेवर लिहिलेला लेख कधीचाच शिळा झाला आहे. तो वही घेऊन बाहेर पडतो आणि पाठोपाठ बार्बरा स्टॅनविक नावाचं वादळ त्या वाड्यात शिरतं. ही नाइटक्लबातली गायिका पोलिसांना चुकवत आलेली. ती सगळ्या म्हाताऱ्यांना नाचायला शिकवते. उंच प्राध्यापकाच्या ओठांपर्यंत पोचता येत नाही, म्हणून जमिनीवर जाड पुस्तकांची चवड रचते आणि तिच्यावर चढून त्याचं चुंबन घेते. आयुष्यभर उभ्याने नोकरी केलेल्या त्या ग्रंथांना अखेर आडवं होऊन कुणाच्या तरी सुखाला हातभार लावता आला!

त्याच घराण्यातला दुसरा प्रसंग शेरलॉक होम्सच्या गोष्टीतला. जेरेमी ब्रेटच्या दूरदर्शन मालिकेतही तो आला. लाल केसांच्या जाबेझ विल्सन या भोळ्या दुकानदाराला एक विचित्र नोकरी मिळते. रोज चार तास बसून ब्रिटानिका हाताने उतरवून काढायची, आठवड्याला चार पौंड. खरं तर त्याला दुकानातून बाहेर काढून तळघरातून बँकेपर्यंत भुयार खणायचं, हा चोरांचा बेत. गोष्ट रहस्याची आहे, पण माझं मन भुयारात रमत नाही, ते विल्सनपाशीच घुटमळतं. आठ आठवड्यांत तो ‘ए’मधले मठाधिपती, धनुर्विद्या, चिलखत, वास्तुकला असं बरंच काही उतरवून होतो आणि लवकरच आपण ‘बी’ला हात घालू, अशी त्याला मनापासून आशा असते. सगळे त्याला फसवत होते, एकटा तो कोश तेवढा नव्हता.

आमच्या यवतमाळच्या बाजूला ज्ञानकोश प्रथम भेटायचा तो वाचनालयाच्या कुलूपबंद कपाटात. कपाटावर ‘संदर्भ’ अशी पाटी, आणि त्याची किल्ली ग्रंथपालांच्या जानव्याला. उन्हाळ्याच्या सुटीत, बाहेर डांबर पाघळत असताना, आम्ही पोरं पंख्याच्या आमिषाने आत शिरायचो. ग्रंथपालकाका आधी हात बघायचे, मग तोंड आणि मगच किल्ली काढायचे. “कोनता शब्द पाहाचा हाय?” असा त्यांचा प्रश्न. नुसतंच चाळायचं आहे, असं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून काहीतरी भारदस्त नाव घ्यावं लागे. मग उंटाचं नाव सांगून आत गेलेला मुलगा संध्याकाळपर्यंत उंदरावरच मुक्काम ठोकून असे. अकारविल्हे हा मोठा गमतीशीर यजमान. तो पंगतीत राजाशेजारी राजगिऱ्याला बसवतो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. शाळेत एका विषयाचा तास संपल्यावर घंटा व्हायची. इथे घंटा नव्हती. एक नोंद संपून दुसरी कधी सुरू झाली, ते कळायचं नाही. सिनेमाच्या तंबूत रीळ बदलताना अंधार व्हायचा आणि पोरं शिट्ट्या मारायची. कोशाची रिळं मात्र आपोआप बदलत होती.

आपला सिनेमा जन्मला तेव्हा तो ज्ञानाच्याच मांडीवर होता, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेऱ्याची विद्या शिकून आले. पैसा लावणाऱ्यांना पटवायचं होतं, तर त्यांनी पहिल्या प्रयोगासाठी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं. ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले, आणि कोंब फुटून वेल वर चढतो ते सारं क्षणांत पडद्यावर धावताना दाखवलं. ‘अंकुराची वाढ’. हरिश्चंद्र, तारामती, विश्वामित्र ही मंडळी 1913 साली नंतर आली. वाटाण्यानेच त्यांच्यासाठी जागा करून ठेवली होती. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तला धडपड्या फाळके बघताना मला राहून राहून तो वाटाणा आठवतो. त्याने न बोलता, न नाचता, गोळी न झेलता लोकांना खुर्चीत बसवलं. कोशातली एक नोंद जशी लिहितात तशीच ती फीत होती : बी, अंकुर, पान, वेल. पुढे सिनेमाला राजे-राण्या भेटल्या, आणि कुंडी गच्चीवर गेली.

तरीही सिनेमा आणि कोश यांचा संसार एका माणसाने आपल्या घरात सुखाने चालवला. सत्तरीतल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी. मराठी बायका पदराने डोळे टिपत ज्या चित्रपटांतून बाहेर पडल्या, त्यांतल्या ‘मानिनी’ आणि ‘वैजयंता’च्या कथा त्यांच्या. दोन्ही चित्रपट 1961 चे. पुढच्याच वर्षी, 1962 साली, याच शास्त्रीबुवांच्या भारतीय संस्कृतिकोशाचा पहिला खंड बाहेर पडला. दहावा निघायला 1979 उजाडलं. पत्नी सुधाताई गोव्याच्या मुक्तिलढ्यात तुरुंगवास भोगून आलेल्या, आणि कोशाच्या खटाटोपातही त्या बरोबरीने होत्या. माहेरी न जाणाऱ्या स्वाभिमानी लेकीची कथा आणि एखाद्या क्षेत्राची, व्रताची, जमातीची नोंद एकाच दौतीतून निघत असतील, तर त्या दौतीला काय वाटत असेल? मला वाटतं, शास्त्रीबुवांना यात काही परकं वाटलं नसावं. सासरी निघालेल्या मुलीचा पाय उंबऱ्यात का अडखळतो, हे सांगायला कथा लागते. तिच्या ओटीत तांदूळ, हळकुंड, सुपारी का घालतात, हे सांगायला कोश. मुलगी तीच.

दुसऱ्या माणसाचं आयुष्य तर आयती पटकथा. श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म 1884 चा, रायपूरचा. शाळा आमच्या शेजारच्या अमरावतीची, म्हणजे वऱ्हाडचं पाणी प्यालेला गडी. 1906 साली अमेरिकेला जातो, 1911 साली कॉर्नेलची डॉक्टरेट घेतो, परतीच्या वाटेवर लंडनला थांबतो, तिथे एडिथ कोन या ज्यू जर्मन मुलीची गाठ पडते. मायदेशी येऊन त्याच्या डोक्यात खूळ शिरतं की मराठीत ज्ञानकोश हवा. नागपुरात मंडळी काढतो, भाग विकतो, वर्गणीदार गोळा करतो, बिऱ्हाड पुण्याला हलवतो. 1920 साली एडिथ येते आणि शीलवती होते. नवरा मराठीत जगाची माहिती भरत असताना ही बाई विंटरनिट्झचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत उतरवते. तेवीस खंड निघतात. त्यांतले पहिले पाच तर नुसती प्रस्तावनाच. मुख्य विषयाला हात घालण्याआधी पाच खंड प्रस्तावना करणारा माणूस अस्सल मराठीच असला पाहिजे, याविषयी कुणाच्या मनात शंका उरू नये. मधल्या वेळात हा गृहस्थ ‘गोंडवनातील प्रियंवदा’ नावाची कादंबरीही लिहितो. 1937 साली, त्रेपन्नाव्या वर्षी, ओढग्रस्तीतच जातो. शीलवतीबाई पुढे मराठीत आठवणी लिहितात.

सिनेमाला लागतं ते सगळं इथे आहे. परदेश आहे, प्रेम आहे, आंतरधर्मीय लग्न आहे, कर्ज आहे आणि अकाली मृत्यू आहे. माझ्या मनातल्या पडद्यावर तर मूर्तिजापूरहून निघालेली शकुंतला गाडी धुरांची वेटोळी काढत यवतमाळच्या स्टेशनात शिरते, आणि तिच्यातून ज्ञानकोशाचा एजंट उतरतो. डोक्यावर काळी टोपी, काखेत नमुन्याची पानं. जिनिंगच्या मालकाला तो सांगतोय की यात कापसावर लेख आहे, आणि मालक विचारतोय की भाव किती लिहिलाय. पण हे तिखटमीठ काढून घेतलं की कॅमेऱ्यासमोर उरतं काय? एक टेबल, चिठ्ठ्यांचे गठ्ठे, विझत आलेला कंदील आणि वाकलेली पाठ. पुढच्या वर्षीही तेच टेबल आणि तीच पाठ, थोडी अधिक वाकलेली. वाटाण्याची वाढ फाळक्यांनी क्षणांत दाखवली. पाठीचं वाकणं कोण आणि कसं दाखवणार?

त्याहून जुना नायक आमच्या वऱ्हाडातच आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट नावाचा एक पंडित चक्रधरस्वामींच्या मागे राहिलेल्या आठवणी वेचत गावोगाव चालत होता. स्वामी कुठे बसले, काय बोलले, कुणाच्या घरी काय जेवले, हे ज्याने पाहिलं त्यालाच गाठून विचारायचं, असा त्याचा बाणा. एकाने एक सांगितलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर दोन्ही टिपायचं, वर कुणी काय सांगितलं तेही. नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली ऋद्धिपुरात त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. पुढे हे वाङ्मय स्वामींच्या महानुभाव पंथाने सांकेतिक लिपींत बंद करून ठेवलं. कुलपाची किल्ली शेकडो वर्षं मठाबाहेर आली नाही. मग विसाव्या शतकात संशोधक त्या कुलपांशी झटू लागले. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे त्यांतलेच. वकिली करून उरलेल्या वेळात पोथ्यांचा माग काढणारे. 1925 साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ त्यांनी लिहिलं, आणि यवतमाळात शारदाश्रम उभा केला. उंबेर्तो एकोच्या कादंबरीवर ‘द नेम ऑफ द रोज’ नावाचा चित्रपट निघाला. मठ, चक्रव्यूहासारखं ग्रंथालय, निषिद्ध ग्रंथ आणि शॉन कॉनेरी. ते पाहताना मला वाटत राहिलं की आपल्याकडे मठही होते, गुप्त लिपीही होती आणि चिवट वकीलही होता. बर्फ तेवढं नव्हतं. त्याची भरपाई आमचं मे महिन्याचं ऊन सहज करू शकलं असतं.

काही कोश मात्र छापावे लागत नाहीत, ते धोतर नेसून हिंडतात. सत्यजित राय यांच्या 1974 सालच्या ‘सोनार केल्ला’मध्ये गुप्तहेर फेलूदा अडला की सिधूज्याठांकडे, म्हणजे सिधूकाकांकडे, जातो. हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांनी रंगवलेले हे म्हातारबुवा म्हणजे कात्रणांचा चालता-बोलता साठा. असा एक ज्याठा आमच्या प्रत्येक गावात असतो. बापूजी अणे वणीच्या कुठल्या आळीतले, कुठल्या सालच्या पुरात पैनगंगा कुठवर आली होती, कळंबच्या चिंतामणीच्या कुंडाला पाणी कधी चढतं, सारं त्याला ठाऊक. दोन गावांतल्या दोन ज्याठांची उत्तरं जुळत नाहीत, हे खरं. पण म्हाइंभट असता तर त्याने दोन्ही टिपून ठेवली असती.

यवतमाळने हे छापील आणि चालतं ज्ञान एका मांडवात बसवूनही पाहिलं आहे. 1973 साली इथल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, म्हणजे ‘दो आँखें बारह हाथ’चे लेखक. सिनेमाचा माणूस साहित्याच्या पालखीत बसला, आणि ती पालखी यवतमाळने वाहिली. मग 2019 साली पुन्हा संमेलन आलं. अध्यक्ष अरुणा ढेरे, म्हणजे संशोधनाच्या घरातल्या. उद्‌घाटक कोण, यावरून बरीच वादावादी झाली, आणि अखेर दिवा लावला तो कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. नवऱ्याने आत्महत्या केलेली शेतकरी बाई. ‘तेरवं’ नावाच्या नाटकात अशाच घरच्या बायांबरोबर त्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या. मांडवात पुस्तकांचे ढीग होते, कोशांचे संचही असतील. त्या बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा कापसाविषयी त्यांना जे ठाऊक होतं ते त्या ढिगात कुठल्याच अक्षराखाली सापडलं नसतं. कोशाला याची लाज वाटायचं कारण नाही. त्याने जागा मोकळी ठेवावी, आणि पुढच्या आवृत्तीत नम्रपणे विचारायला यावं. या धंद्याची रीतच ती आहे.

माझा एक दारव्ह्याचा मित्र आहे. एके काळी गणपतीत आणि लग्नघरी टीव्ही-व्हीसीआर भाड्याने लावायचा. माणसांनी कुठे रडावं आणि कुठे लघवीला उठावं, हे त्याला दिग्दर्शकापेक्षा जास्त कळतं. ज्ञानकोशावरच्या या सिनेमाची कल्पना मी त्याला ऐकवली. सुपारी कातरत त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“गानं कुठं हाय याच्यात?”

“जर्मनीहून बाई येते ना, तिथं टाकू.”

“अन् फायटिंग?”

“भागधारकांच्या सभेत.”

ते त्याला पटलं. सोसायटीच्या सभा त्याने पाहिल्या आहेत. “मंग विलन कोन?”

मी म्हटलं, काळ. म्हणजे असं बघ, आपल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड वाईहून 1976 साली निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखालचा. विसावा पुरा व्हायला 2015 साल लागलं. ‘बर्लिन’ छापलं तेव्हा तिथली भिंत उभी होती. ‘स’च्या खंडांपर्यंत येतो तोवर सोव्हिएट संघच नकाशावरून उतरला होता. शेवटच्या अक्षरावर पोचावं तर पहिलं अक्षर म्हातारं झालेलं. जग काही कुणासाठी थांबत नाही, आणि या लोकांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी ते ‘अ’पासून सुरू करतात.

तो बराच वेळ अडकित्ता हातात धरून बसला. “म्हंजे शेवटचा खंड झाला का पुन्हा पयल्यापासून?”

“हो.”

“मंग हे पिच्चर संपते कवा?”

“संपत नाही.”

त्याने सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवलं, एक स्वतःच्या तोंडात टाकलं, आणि अनुभवी माणसाच्या काळजीने म्हणाला, “तं मंग इंटरवल दोन-तीन ठेवजो भाऊ. लोकाईले चहा तं भेटला पाह्यजे.”